ढेपांची घरे

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या मध्यभागी कस्टर नावाची एक कौंटी आहे. तेथे १८८० च्या दशकात राहणाऱ्या हिल्टन नावाच्या शेतकरी कुटुंबाचे एक छायाचित्र राज्याच्या इतिहाससंस्थेने जपून ठेवले आहे. त्या चित्रात घर दिसत नाही. उघड्या आवारात, गुराढोरांच्या देखत, एक पायपेटी मांडलेली आहे आणि तिच्याभोवती घरची माणसे उभी आहेत. चित्र असे विलक्षण का निघाले, याची हकीकत चित्राबरोबरच चालत आली आहे. घरच्या बाईंना आपले मातीचे घर चित्रात यायला नको होते. पूर्वेकडील आप्तेष्टांनी ते पाहिले तर आपण कोणत्या अवस्थेत राहतो हे त्यांना कळेल, याची त्यांना लाज वाटत होती. मात्र आपल्याकडे पायपेटी आहे, हे त्यांना कळावे अशी तितकीच इच्छाही होती. तेव्हा ती जड पेटी घरातून ओढून बाहेर आणली गेली, चित्र काढून झाले आणि पेटी पुन्हा आत गेली.

ज्या घराची त्या बाईंना लाज वाटली, तसल्या घरांमुळेच कस्टर कौंटीचे नाव आज वसाहतींचा आणि जुन्या वास्तूंचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे.

कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा शासकीय विभाग. कस्टरचे क्षेत्रफळ सुमारे २,५७६ चौरस मैल, म्हणजे रायगड जिल्ह्याहून थोडे कमी. वस्ती मात्र २०२० च्या शिरगणतीत अवघी १०,५०० च्या आसपास भरली. लूप नदीच्या दोन शाखा या मुलखातून वाहतात. वायव्येकडे वाळूच्या टेकड्या लागतात. इतरत्र लाटांसारखा उंचसखल माळ. घळींमध्ये काही देवदाराच्या जातीची झाडे सोडली तर मूळचे झाड असे जवळजवळ नाहीच. पाऊस बेताचा आणि लहरी. या माळावर वाढणारे गवत मात्र असे चिवट, की त्याच्या मुळ्यांचे जाळे शतकानुशतके जमिनीत विणले जाऊन मातीचा वरचा थर एखाद्या जाड घोंगडीसारखा झालेला होता. पुढची सारी हकीकत या घोंगडीची आहे.

कौंटी स्थापन झाली १८७७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी सू आणि शायान लोकांशी लढताना मारल्या गेलेल्या कस्टर या सेनानीचे नाव तिला देण्यात आले. पण माणसे तेथे ओढली गेली ती त्याआधीच्या एका कायद्यामुळे. १८६२ च्या २० मे रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेडच्या कायद्यावर सही केली आणि १८६३ च्या पहिल्या दिवसापासून तो अमलात आला. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षे पुऱ्या झालेल्या आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेल्या कोणाही नागरिकाला, अथवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशी माणसाला, १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. एकंदर शुल्क १८ डॉलर. अट एवढीच, की त्याने तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे आणि जमीन कसावी. अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही हा हक्क होता; नवरा हयात असलेल्या स्त्रीला सामान्यतः नव्हता.

१६० हा आकडा आला मोजणीच्या पद्धतीतून. १७८५ च्या अध्यादेशाने पश्चिमेकडील सगळी जमीन सहा मैल बाजूच्या चौरसांत आखण्याचे ठरले होते. अशा प्रत्येक चौरसाचे एक चौरस मैलाचे ३६ भाग, आणि त्या भागाचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर. नदी, ओढा, टेकडी यांची पर्वा न करता या रेषा नकाशावर सरळ ओढल्या गेल्या आणि मग त्याच रेषांवरून रस्ते निघाले. आपल्याकडे गावठाण आधी आणि शेत त्याच्या भोवती, अशी मनाला सवय असते. कुणबी सकाळी शेतावर जातो आणि दिवेलागणीला माणसांत परत येतो. कस्टरमध्ये ही वाटच कायद्याने बंद केली होती. दावेदाराने राहायचे ते दाव्याच्या जमिनीवरच. त्यामुळे प्रत्येक घर आपापल्या चौकोनात एकटे पडले. शेजाऱ्याचा दिवा अर्ध्या मैलावर, कधी त्याहूनही दूर. पुरुष मालासाठी, दळणासाठी बाहेर जात; बायका आठवडेच्या आठवडे दुसऱ्या बाईचे तोंड पाहत नसत. त्या पिढीच्या आठवणींत वाऱ्याचा आवाज आणि एकटेपणा हे दोन विषय पुन्हा पुन्हा येतात, ते उगाच नव्हे.

या व्यवस्थेत घराला एक निराळाच अर्थ आला. घर हा पुरावा होता. पाच वर्षे भरली की दावेदार ग्रँड आयलंड किंवा नॉर्थ प्लॅट येथील जमीन कचेरीत जाई. त्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागे आणि दोन साक्षीदार उभे करावे लागत. घर केव्हा बांधले, त्याची लांबीरुंदी किती, दारे किती, खिडक्या किती, विहीर आहे काय, गोठा आहे काय, किती एकर जमीन फोडली, मध्यंतरी किती दिवस गैरहजर होता, अशा प्रश्नांची उत्तरे छापील नमुन्यावर लिहून घेतली जात. हे जबाब पटले की सनद मिळे. अशी लक्षावधी प्रकरणे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही बांधून ठेवलेली आहेत. ज्या घरांची आज वीटही उरलेली नाही, त्यांच्या खिडक्यांची संख्या तेवढी सरकारदप्तरी शाबूत आहे. अर्थात, नियमाने घर मागितले आणि ते कसे असावे हे सैल ठेवले, की त्याचा लाभ उठविणारे निघतातच. चाकांवर बसविलेली खोपटी एका दाव्यावरून दुसऱ्या दाव्यावर ओढत नेऊन साक्षीदारांना दाखविली जात. तरीही प्रत्यक्ष राहून, खस्ता खाऊन सनद मिळविणारे काही कमी नव्हते. १९७६ मध्ये हा कायदा अलास्का वगळता रद्द झाला. सर्व काळ मिळून सोळा लाखांच्या आसपास दावे सिद्धीस गेले.

घर तर पाहिजे, आणि लाकूड नाही. दगडही हाताशी नाही. वीट भाजायला जळण नाही. पूर्वेकडून लाकूड आणावे तर रेल्वे दूर आणि गाठीला पैसा नाही. उरली ती पायाखालची घोंगडी.

ओल असताना, विशेष प्रकारच्या नांगराने माळावर सरळ तास धरीत. हा नांगर साध्या नांगरासारखा माती उलथून भुसभुशीत करीत नसे. फूटभर रुंद आणि सुमारे चार इंच जाडीची अखंड पट्टी तो अलगद सोलून काढी. कुदळीने तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे केले की झाल्या ढेपा. त्याच दिवशी लावता येतील तेवढ्याच ढेपा काढायच्या. सुकल्या की त्या फुटतात. गवताची बाजू खाली आणि मुळ्यांची वर ठेवून, गवंडी सांधेमोड करतो तशी सांधेमोड करीत, दोन किंवा तीन ढेपांच्या रुंदीची भिंत उचलीत. दर काही थरांनंतर एक थर आडवा घालायचा, म्हणजे भिंत एकमेकींत गुंतते. फटींत भुसभुशीत माती ठासायची. भिंत वर येत असताना दाराखिडक्यांच्या लाकडी चौकटी उभ्या करून त्यांच्या भोवतीने बांधकाम करायचे आणि चौकटीच्या वर काही इंच जागा मोकळी सोडायची. कारण पहिल्या वर्षा-दोन वर्षांत भिंत आपल्या वजनाने खाली बसते आणि ही जागा सोडली नाही तर काच फुटते. तोवर त्या फटीत चिंध्या कोंबून ठेवीत. भिंतीचा आतला पृष्ठभाग कुदळीने तासून, चिकणमाती व वाळू यांचा गिलावा करीत. सवड व हौस असेल तर पांढरा हात मारीत. सोळा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशा एका खोलीच्या घराला अर्धा एकर माळ सोलावा लागे आणि त्याचे वजन ९० टनांच्या घरात जाई.

खर्च किती येई? कस्टरच्या पूर्वेला लागून असलेल्या व्हॅली कौंटीत ऑस्कर बॅबकॉक या वसाहतकाराने १८७२ मध्ये टेकडीच्या पोटात चौदा फूट चौरस घर केले. त्याचा हिशेब उपलब्ध आहे. एक खिडकी सव्वा डॉलर, दाराचे लाकूड ५४ सेंट, कडी-बिजागरी ५० सेंट, छपरातून धुराडे काढण्यासाठी नळी ३० सेंट, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण दोन डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. मजुरी स्वतःची आणि शेजाऱ्यांची, म्हणून ती हिशेबात नाही.

या घराचे दुबळे अंग म्हणजे छप्पर. घळीतून आणलेल्या झाडाचे आढे, त्यावर वासे, वाशांवर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि सर्वांवर पुन्हा ढेपा. माळवदाच्या घरात पावसाळा काढलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. बाहेर पाऊस थांबला तरी आत तो दोन दिवस चाले. चुलीवर छत्री धरून स्वयंपाक केल्याच्या आणि आजाऱ्याच्या अंथरुणावर मेणकापड ताणल्याच्या गोष्टी तेथे घरोघर सांगत. कोरड्या दिवसांत माती झरे, उंदीर येत, उंदरांमागून साप येत. ऐपत असलेली बाई आढ्याखाली मलमलीचे छत ताणून ही वृष्टी अडवी आणि वर्षातून दोनदा ते काढून धुई. पण याच घराचे गुणही त्याच मातीतले. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंतीमुळे उन्हाळ्यात आत गारवा आणि शून्याखाली उतरणाऱ्या हिवाळ्यात ऊब. माळाला वणवा लागला तर लाकडाचे घर जळून जाई, मातीचे राही. खोल खिडक्यांच्या कठड्यावर डब्यांत लावलेली फुलझाडे बहुतेक छायाचित्रांत दिसतात. जळण म्हणून गुरांचे वाळलेले शेण. पूर्वेकडून आलेल्या बायका प्रथम ते चिमट्याने उचलीत, मग फडक्याने, मग हाताने, आणि शेवटी हात झटकून तशाच कणीक मळायला बसत, असा विनोद त्या मुलखात प्रचलित होता. गोवऱ्या थापणाऱ्या समाजाला त्यात हसण्यासारखे फारसे आढळणार नाही.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे, कारण वसाहतीच्या कौतुकात ती बहुधा मागे पडते. या प्रदेशात मातीचे घर नव्याने शोधले गेले नव्हते. लूप नदीच्या खोऱ्यात पॉनी लोक शतकानुशतके मातीच्याच घरांत राहत होते. त्यांचे घर गोल, घुमटाकार. मध्ये चार दणकट खांब, त्यांभोवती आखूड खांबांचे वर्तुळ, वर वासे, विलोच्या फांद्या, गवत आणि मातीचा जाड थर. माथ्यावर धुराला झरोका आणि दार पूर्वेला, उगवत्या सूर्यासमोर. अशा एका घरात अनेक कुटुंबे मिळून राहत. हे लोक भटके नव्हते. मका, घेवडा, भोपळा यांची शेती करीत आणि वर्षातून दोनदा रानरेड्यांच्या शिकारीसाठी पश्चिमेकडे जात. कस्टरचा माळ या शिकारीच्या वाटेवरचा. म्हणजे घर बांधून राहणे आणि जमीन कसणे या कायद्याच्या दोन्ही अटी त्यांनी कायद्याच्या कितीतरी आधी पुऱ्या केल्या होत्या. परंतु ते नागरिक गणले जात नव्हते आणि त्यांचे घर कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून चालण्याजोगे नव्हते. १८५७ च्या तहाने प्लॅट नदीच्या उत्तरेची जमीन त्यांच्या हातून गेली. लूपच्या काठी एक राखीव तुकडा उरला होता, तोही सोडून १८७० च्या दशकाच्या मध्यास त्यांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. कस्टर कौंटी स्थापन झाली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. कौंटीच्या मुख्य गावाचे नाव ब्रोकन बो, म्हणजे मोडके धनुष्य. १८७९ मध्ये विल्सन ह्यूइट या लोहाराने टपालकचेरीसाठी अर्ज केला. त्याने सुचविलेली नावे राज्यात इतरत्र आहेत म्हणून नाकारली गेली. मग मूलनिवासींच्या एका जुन्या तळाच्या जागी सापडलेल्या मोडक्या धनुष्यावरून त्याने हे नाव पाठविले. तसे दुसरे गाव राज्यात नसल्यामुळे ते मंजूर झाले.

नवे आलेले लोक तरी सुखाने वसले असे नाही. त्यांच्या आधी येथे मोठे गुरेवाले आले होते आणि सरकारी माळ त्यांना फुकटचे कुरण होते. शेतकऱ्याची पिके आणि त्यांची गुरे यांचे पटणे शक्य नव्हते. १८७८ च्या डिसेंबरात मिचेल आणि केचम या दोन शेतकऱ्यांना प्रिंट ऑलिव्ह या गुरेमालकाने पकडून फाशी दिले. झटापटीत ऑलिव्हचा भाऊ मारला गेला होता, त्याचा हा सूड. ऑलिव्हला जन्मठेप झाली, पण खटला योग्य कौंटीत चालला नाही या मुद्द्यावर वरिष्ठ न्यायालयात तो सुटला. तथापि, गुरेवाल्यांचे दिवस भरत आले होते. १८८० मध्ये कौंटीची लोकसंख्या सुमारे २,२०० होती. १८९० मध्ये ती २१,००० च्या वर गेली.

या दहा वर्षांत तेथे कोण कोण आले, हे डोळ्यांनी पाहता येते, आणि ते एका अयशस्वी माणसाच्या कृपेने. सॉलोमन बुचर १८८० मध्ये वडिलांबरोबर येथे आला, त्याने दावा नोंदविला आणि काही आठवड्यांतच कंटाळून सोडून दिला. वैद्यकाचे शिक्षण घ्यायला गेला, तेही सुटले. परत येऊन मास्तरकी केली, छायाचित्रांचे दुकान काढले. १८८६ मध्ये त्याच्या डोक्यात आले, की या कौंटीचा सचित्र इतिहास करावा. मग गाडीत कॅमेरा आणि काचा घालून तो घरोघर फिरू लागला. सार्जंट गावाच्या उत्तरेस राहणाऱ्या रॉडिंग कुटुंबाच्या चित्रात माणसे दारात मेज मांडून कलिंगड खाण्याच्या बेतात बसली आहेत आणि त्यांच्या मागे गाय घराच्या छपरावर उभी आहे. घर टेकडीत खणलेले, त्यामुळे छप्पर आणि माळ एकच. दुसऱ्या चित्रात क्रिसमन नावाच्या चार बहिणी घोड्यांसह आपल्या घरासमोर उभ्या आहेत. त्यांपैकी लिझी हिने १८८७ मध्ये स्वतःच्या नावे दावा नोंदविला. वेस्टरव्हिल गावाजवळचे शोअर्स कुटुंब गुलामगिरीतून सुटलेले. जेरी शोअर्सच्या दोन भावांनी शेजारीच दावे घेतले होते. एकाचे आडनाव स्पीझ, दुसऱ्याचे वेब. तिघे सख्खे भाऊ, पण प्रत्येकाला आपापल्या जुन्या धन्याचे नाव लागलेले. इझिडोर ओमाँ हा बेल्जियमहून आलेला. त्याने १८८४-८५ मध्ये ब्रोकन बोजवळ ढेपांचेच पण चक्क दोन मजली, गोलाकार कोपऱ्यांचे घर उठविले. मातीचे घर म्हणजे खोपटे, हा समज एकट्या त्या घराने खोडून काढला असता.

बुचरच्या कारागिरीत चलाखीही होती. काच खराब झाली की तो त्या जागी सुईने टर्की कोंबड्या कोरी आणि छपरावर पक्षी बसल्याचे भासवी. पण बहुतेक कुटुंबांनी जे मांडले ते त्याने टिपले, आणि मांडामांड करण्यातच त्या लोकांचे मन उघडे पडले आहे. चांगली घोड्यांची जोडी, शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, निवर्तलेल्या मुलाची तसबीर असे सर्व काही दारापुढे आणून ठेवलेले असे. १८९९ मध्ये बुचरचे घर जळाले. छापील प्रती आणि जमविलेल्या हकीकती गेल्या. काचा धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. स्वेन फिंच या स्थानिक गुरेमालकाने पैसे उभे केले तेव्हा कुठे १९०१ मध्ये पुस्तक निघाले. पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याने सुमारे ३,००० काचांचा संग्रह इतिहाससंस्थेला अपेक्षेहून कमी किमतीत दिला. १९२७ मध्ये तो वारला तेव्हा आपण आयुष्यात काही केले असे त्याला वाटत नव्हते. अलीकडे त्या काचा संगणकावर उतरविल्या गेल्या, तेव्हा काळ्या पडलेल्या दारांच्या आतील अंधार थोडा उजळता आला आणि शंभर वर्षे न दिसलेली आतली भांडीकुंडी दिसू लागली.

घरे मात्र टिकणारी नव्हतीच. नीट राखली नाही तर ढेपांची भिंत दहा-वीस वर्षांत खचू लागते. १८८६ मध्ये बर्लिंग्टनची रेल्वे ब्रोकन बोला पोहोचली आणि तिच्याबरोबर पूर्वेकडचे कापीव लाकूड आले. १८९० आणि १८९४ च्या अवर्षणांनी पुष्कळांना उठवून लावले, म्हणून लाकडी घराचा दिवस काहींच्या बाबतीत दहा वर्षे पुढे गेला. पण ज्याला जमेल तो पहिल्या चांगल्या पिकाबरोबर मातीच्या घरातून बाहेर पडत होता. बारीक लाकडी चौकटीवर फळ्या ठोकून केलेले, पांढरा रंग दिलेले दोन मजली घर हे त्याचे ध्येय. जुने घर मग कोंबड्यांचे किंवा बटाट्यांचे होई आणि दोन-चार पावसाळ्यांत जमिनीला मिळे. आणखी एक कारण होते, आणि ते सर्वांत निर्णायक. भिंतीला लागणारी ढेप अनांगरलेल्या माळावरच निघते. शेतकरी जसजसा माळ फोडत गेला, तसतसे घराचे सामानही संपत गेले. जो नांगर घर देत होता, तोच त्याचे बी मोडीत होता. फक्त वायव्येच्या वाळूच्या टेकड्यांत, १९०४ च्या किंकेड कायद्याने ६४० एकरांचे दावे खुले झाले तेव्हा, हा प्रकार पुन्हा एकदा थोडे दिवस दिसला.

कौंटीची मोठी बांधकामे यानंतरची. तिची पहिली न्यायकचेरी एका ओंडक्यांच्या खोपटात भरत असे. ते खोपटे आज कॅलवे गावच्या बागेत आणून ठेवलेले आहे. ब्रोकन बोच्या चौकात विटांची दुकाने आली, १९१० मध्ये जुनी न्यायकचेरी जळाल्यावर स्तंभांची नवी भारदस्त इमारत उठली, कार्नेगींच्या देणगीतून ग्रंथालय झाले. अन्सेल्मोसारख्या लहानशा गावात १९२० च्या दशकाच्या अखेरीस लाल विटांचे असे देऊळ बांधले गेले, की लोक त्याला टेकड्यांमधले कॅथेड्रल म्हणतात. यांतील काही इमारती राष्ट्रीय वास्तुनोंदीत आहेत आणि त्या चांगल्याही आहेत. परंतु अशा इमारती मध्य-पश्चिमेच्या शेकडो कौंट्यांत सापडतील. त्यांच्यावरून कस्टर ओळखू येणार नाही.

१९२० मध्ये कौंटीत २६,००० वर माणसे होती. मग अवर्षण, मंदी आणि यंत्रे आली. नेब्रास्काच्याच फ्रँक झायबॅकने काढलेल्या आणि १९५२ मध्ये स्वामित्वहक्क मिळविलेल्या फिरत्या पाणीयंत्राने शेतीचा नकाशाच बदलला. विमानातून पाहिले तर १६० एकरांच्या जुन्या चौकोनांत आता हिरवी वर्तुळे दिसतात. यंत्राच्या लांब बाहूला मध्ये काही चालत नाही. त्यामुळे ओसाड पडलेली शेतघरे, त्यांच्या वाऱ्याआड लावलेल्या झाडांच्या ओळी, गोठे, सगळे काढून सपाट होते. ज्या लाकडी घरासाठी पहिल्या पिढीने मातीचे घर सोडले, त्या लाकडी घराचीही आता तीच गत चालली आहे, आणि त्याला बुचर मिळालेला नाही.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९६६ मध्ये झाला. ओमाँचे दोन मजली घर त्यानंतर एका वर्षाने, १९६७ मध्ये, जमीनदोस्त झाले. आज कौंटीत पाहण्याजोगे जे एक घर नावाजलेले आहे, ते कॉमस्टॉक गावाजवळचे डाउस यांचे. ते १९०० मध्ये बांधलेले. तोवर रेल्वे येऊन चौदा वर्षे झाली होती, म्हणजे ढेपांशिवाय गत्यंतर नव्हते असे नाही. कुटुंब त्यात १९५९ पर्यंत राहिले. नंतर वीसेक वर्षे घर रिकामे पडले, छप्पर आणि भिंती ढासळू लागल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी आसपासच्या लोकांनी ते दुरुस्त केले आणि १९८६ मध्ये त्याची राष्ट्रीय नोंद झाली. कामाला आलेल्यांत डाउस यांच्या घरात कधीकाळी जेवून गेलेले शेजारी होते, आणि ज्यांच्या आजोबा-आजींनी असली घरे मागे वळून न पाहता सोडली होती, असेही होते.